वाचकांचे प्रश्न : नाशिकच्या अंगणातले हॉलीहॉक

गणपती उठले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. पावसात कुजलेल्या कुंड्या आणि गोगलगायींनी खाल्लेली रोपे मागे पडतात आणि हिवाळी फुलझाडांची विचारणा सुरू होते. या वेळी हॉलीहॉकविषयी इतकी पत्रे आली आहेत की या अंकाचे सदर पूर्णपणे त्यालाच द्यायचे ठरवले. मला त्याचा आनंद आहे, कारण पिटुनिया, पॅन्सी आणि फ्लॉक्स मार्चच्या उन्हात माना टाकू लागतात तेव्हा हे झाड पुरुषभर उंचीचा दांडा उभा करून खालून वर, एकेक फूल उमलवत जाते, आणि नाशिकच्या हवेत ते उत्तम येत असूनही आपल्याकडच्या बागांत ते फार थोड्या ठिकाणी दिसते.

ज्यांनी हे झाड पाहिलेले नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते की हे जास्वंद, भेंडी, अंबाडी आणि कापूस यांच्या कुळातले आहे. फूल हाती घेतले की हे नाते सांगावे लागत नाही, कारण पाच पाकळ्या आणि त्यांच्या मधोमध पुंकेसरांनी भरलेला एकच खांब ही या कुळाची ओळख आहे. शास्त्रीय नाव अल्सिया रोझिया असे असून ते वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने 1753 मध्ये दिले. जुन्या पुस्तकांत आणि काही रोपवाटिकांच्या पाट्यांवर अल्थिया रोझिया असे नाव आढळते, ते याच झाडाचे.

प्रश्न : परदेशी असलेल्या मुलीने हॉलीहॉकचे बी पाठवले होते. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे गेल्या वर्षी जूनमध्ये पेरले. रोपे छान उगवली, पण जुलैच्या झडीत एका आठवड्यात सगळी आडवी झाली. उरलेले बी आता कधी पेरावे? पाकिटावर असेही लिहिले आहे की फुले पेरणीनंतरच्या वर्षी येतात. मग वर्षभर वाट पाहावी लागेल का? (एक वाचक भगिनी, गंगापूर रोड)

ताई, आपण काही चुकीचे केले नाही, पाकीट दुसऱ्या हवामानासाठी छापलेले होते. थंड देशांत हॉलीहॉक हे दोन वर्षांचे झाड मानतात. तिथे उन्हाळ्यात बी पेरतात, हिवाळ्यापर्यंत जमिनीलगत पानांचा घेर तयार होतो, कडक थंडीत तो तसाच बसून राहतो आणि पुढच्या उन्हाळ्यात मधून दांडा वर येऊन फुलतो. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला सुखद हिवाळा आहे, हे लक्षात घेतले की वेळापत्रक आपोआप सरकते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या काळात मातीच्या वरच्या थरात ओल सतत राहते, आणि कोवळ्या रोपाच्या मानेशी बुरशी धरून ते रात्रीतून कोलमडते. आपल्या रोपांचे हेच झाले असावे.

नाशिकमध्ये पेरणी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत करावी. माझा स्वतःचा नेम घटस्थापनेचा आहे. ज्या दिवशी घटाभोवती धान्य पेरले जाते त्याच दिवशी मी हॉलीहॉकचे बी ट्रेमध्ये टाकते, आणि पंधरा दिवसांच्या आत बहुतेक बी उगवून आलेले असते. बी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल घालू नये. ऑक्टोबरच्या उकाड्यात ट्रे दुपारच्या उन्हापासून आडोशाला ठेवावा आणि पाणी झारीच्या बारीक धारेने द्यावे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रोपाला चार-पाच खरी पाने आली की ते कायमच्या जागी जाते, त्यानंतर थंडीभर त्याची पाने तळहाताएवढी होतात आणि फेब्रुवारीत दिवस मोठे होऊ लागले की मधला कोंब वर सरकू लागतो.

आता वर्षभर थांबण्याविषयी. हॉलीहॉकमध्ये दोन प्रकारचे बी मिळते. जुन्या, दोन वर्षांच्या वाणांना फुलोरा धरण्यासाठी बऱ्याच लांब थंडीची गरज असते. काही सुधारित वाण पेरल्यापासून एका हंगामात फुलतात, आणि आपल्याकडच्या बियाण्यांच्या दुकानांत हिवाळी फुलझाडांत मिळणारे बी सहसा या दुसऱ्या प्रकारचे असते. मुलीने पाठवलेले आपले पाकीट पहिल्या प्रकारचे दिसते. नाशिकची थंडी मुंबई-पुण्याच्या मानाने बरी असते आणि निफाडकडे तर पारा पुष्कळदा महाराष्ट्रात सर्वांत खाली जातो, त्यामुळे अशा वाणांचीही काही झाडे आपल्याकडे पहिल्याच हंगामात फुलतात, पण काही नुसता पानांचा घेर करून बसतात. अशी बसून राहिलेली झाडे एप्रिल-मेचे ऊन आणि मागून येणारा पाऊस काढून दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत पोहोचतीलच असे नाही. म्हणून उरलेले बी या महिन्यात जरूर पेरा, परंतु शेजारी स्थानिक दुकानातल्या बियांचीही चार रोपे लावा, म्हणजे मार्चमध्ये अंगण रिकामे राहणार नाही.

प्रश्न : आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. गच्चीत दहा इंची कुंड्यांमध्ये हॉलीहॉकची रोपे लावली. दीड फुटावर वाढ थांबली, खालची पाने पिवळी पडून गळाली आणि चार-दोन फुले येऊन झाड संपले. खतपाणी वेळेवर दिले होते. कुंडीत हे झाड होतच नाही का? (एक वाचक, सिडको)

होते, पण कुंडी निवडताना झाडाच्या उंचीऐवजी त्याच्या मुळाचा विचार करावा लागतो. आपल्या झाडासारखेच वाढ खुंटलेले एक झाड मी एकदा कुंडीतून उपटून पाहिले होते. कुंडी आडवी करून कडेला थोपटल्यावर मातीचा गोळा अखंड बाहेर आला आणि त्याच्या तळाशी बोटाएवढे जाड, मुळ्यासारखे पांढरे सोटमूळ तीन वेढे घेऊन बसलेले दिसले. खाली जायला वाट नाही म्हणून ते कुंडीच्या बुडाशी फिरत राहिले होते. मधल्या मातीत तंतुमुळे जवळजवळ नव्हती. असे झाड कितीही खत दिले तरी वाढत नाही, उलट खताच्या क्षारांनी त्याची पाने कडेने करपतात.

हॉलीहॉकचे सगळे तंत्र या सोटमुळात आहे. कुंडीची खोली किमान सोळा इंच असावी, रुंदी बारा-चौदा इंच असली तरी चालेल, आणि एका कुंडीत एकच झाड ठेवावे. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली स्वच्छ धुऊन, तळाला आणि बुडाजवळच्या कडेला मिळून आठ-दहा भोके पाडली तर ती विकतच्या महाग कुंडीपेक्षा अधिक उपयोगी ठरते. भरणासाठी दोन भाग चांगली पोयट्याची माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत, एक भाग कोकोपीट आणि दोन मुठी निंबोळी पेंड हे मिश्रण मला मानवले आहे. नुसते कोकोपीट आणि गांडूळखत वापरू नका, कारण पाच-सहा फुटांचा दांडा सावरण्याइतके वजन त्या भरणाला नसते आणि चौथ्या मजल्यावर वारा कुंडीसकट झाड लोळवतो.

उंच वाणाचा आग्रह नसेल तर मॅजोरेट नावाचा ठेंगणा वाण मिळतो का पाहा. तो अडीच फुटांच्या आसपास राहतो, फुले अर्धदुहेरी आणि झालरीसारख्या कडांची असतात, आणि गच्चीच्या कठड्याच्या आडोशाला तो वाऱ्यातही टिकतो. माझे मन मात्र उंच, एकेरी पाकळ्यांच्या जुन्या हॉलीहॉककडेच ओढ घेते. दुहेरी फूल दुरून कागदी गुलाबासारखे दिसते, एकेरी फुलातून सकाळचे ऊन आरपार जाते आणि पाकळीवरच्या शिरा मोजता येतात.

रोप लावतानाही हेच मूळ सांभाळायचे आहे. ट्रेमध्ये रोप फार दिवस ठेवले की सोटमूळ तळाला टेकून वळते आणि वळलेले मूळ पुढे सरळ होत नाही. चार-पाच पानांच्या पुढे वाट पाहू नये. बी थेट जागेवर पेरणे तर सर्वांत चांगले. दोन-तीन बिया एका ठिकाणी टाकाव्यात आणि उगवल्यावर सशक्त रोप ठेवून बाकीची उपटण्याऐवजी कात्रीने कापावीत, म्हणजे शेजारच्या मुळाला धक्का लागत नाही.

प्रश्न : बंगल्याभोवती काळी माती आहे. पाणी दिले की चिखल होतो आणि चार दिवसांनी भेगा पडतात. माळी म्हणतो, वाळू मिसळा. आपले मत काय? (एक वाचक, आडगाव)

थोडी वाळू मिसळून काळ्या चिकणमातीत फरक पडत नाही, पुष्कळदा ती अधिकच घट्ट बसते. त्याऐवजी दीड फूट खोल खणून, ढेकळे फोडून, प्रत्येक चौरस मीटरला दोन घमेली कुजलेले शेणखत मिसळा आणि जमिनीपासून सहा-आठ इंच उंच गादीवाफा करा. लावणीनंतर वाफ्यावर वाळलेल्या पानांचे किंवा पाचटाचे दोन बोटे जाड आच्छादन ठेवा, मात्र ते बुंध्याला टेकू देऊ नका. भेगा पडण्याचा खरा तोटा असा की भेगेबरोबर बारीक मुळेही तुटतात. आच्छादनाखाली भेगा पडत नाहीत. या मातीत पाणी रोज थोडे देण्यापेक्षा पाच-सहा दिवसांनी एकदाच, पण खोलवर मुरेल असे द्यावे, म्हणजे मूळ पाण्यामागे खाली जाते. मार्चमध्ये हे अंतर तीन दिवसांवर येईल.

प्रश्न : जानेवारीत खालच्या पानांवर वरून पिवळे ठिपके आणि मागून तपकिरी पुटकुळ्या आल्या. आठवड्यात पाने वाळली आणि रोग वर चढत गेला. शेजारी म्हणाले की हा तांबेरा आहे, झाडे उपटून टाका. उपटावीच लागतील का? (एक वाचक भगिनी, इंदिरानगर)

शेजाऱ्यांचे निदान बरोबर आहे, उपाय मात्र घाईचा आहे. पान उलटे करून पाहिल्यावर मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान, फुगीर, आधी फिकट नारिंगी आणि मग तपकिरी पुटकुळ्या दिसल्या, आणि बोट फिरवल्यावर त्या खरखरीत लागल्या, तर तो हॉलीहॉकचा तांबेराच समजावा. या बुरशीचे नाव पक्सिनिया मालव्हेसियारम आहे. तिचे वर्णन प्रथम दक्षिण अमेरिकेतील चिलीमधून झाले. 1873 च्या सुमारास ती इंग्लंडला पोहोचली आणि त्या वेळी हॉलीहॉकच्या वेडाने भारलेल्या तिथल्या बागा काही वर्षांत ओस पडल्या. दुहेरी फुलांचे नामांकित वाण तयार करणाऱ्या विल्यम चेटर यांच्या सॅफ्रन वॉल्डन येथील रोपवाटिकेलाही या रोगाचा मोठा फटका बसला. तेव्हा आपल्या चार झाडांवर तो आला म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

या बुरशीला पान काही तास ओले लागते आणि हवा थंड लागते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला पहाटे पडणारे दव तिला दोन्ही गोष्टी आयत्या देते. दव आपण थांबवू शकत नाही, पण त्यात स्वतःची भर घालणे थांबवू शकतो. पाणी सकाळी, नळीचे तोंड मातीला टेकवून द्यावे. संध्याकाळी पानांवरून नळी फिरवण्याची सवय ज्या घरांत आहे त्या घरांतला तांबेरा कोणत्याही औषधाने हटत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. दोन झाडांत दीड ते दोन फूट अंतर असावे आणि ओळ भिंतीला अगदी चिकटून नसावी, म्हणजे सकाळचे ऊन आणि वारा पानांच्या मागून फिरेल.

रोग दिसताच खालची डागाळलेली पाने देठासकट कापून, कागदी पिशवीत भरून घराबाहेर काढावीत. ती कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत. झाडाला फुलोरा येत असेल तर बुंध्याकडची पाने गेल्याने ते मरत नाही. पायथा उघडा दिसतो एवढेच, आणि त्यासाठी पुढच्या वर्षी हॉलीहॉकच्या पुढे झेंडू किंवा शेवंतीची ठेंगणी ओळ लावली की काम होते. मी स्वतः डिसेंबरच्या शेवटी, रोग दिसण्याची वाट न पाहता, जमिनीपासून एक वीतभर उंचीपर्यंतची पाने काढून टाकते.

फवारणी करायचीच असेल तर नाशिककरांना ओळखीचे असलेले बोर्डो मिश्रण वापरता येईल. फ्रान्सच्या बोर्डो भागात द्राक्षावरच्या डावणी या रोगासाठी 1885 मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि आपल्या दिंडोरी-पिंपळगावच्या बागाईतदारांच्या घरांत त्याची कृती सगळ्यांना पाठ असते. द्राक्षावर ते एक टक्क्याचे वापरतात, हॉलीहॉकच्या लवदार पानांसाठी मी निम्मे सुचवते. पाच ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात आणि पाच ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवावे, मग एकत्र ओतून ढवळावे आणि कापडाने गाळून घ्यावे. त्यात स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून पाहावा. खिळ्यावर तांबूस थर बसला तर चुना कमी पडला आहे, चुन्याची थोडी निवळी आणखी घालावी. मिश्रण त्याच दिवशी संपवावे, फवारताना हातमोजे आणि चष्मा घालावा, आणि पानांची खालची बाजू आधी भिजवावी. एक गोष्ट मात्र मनात पक्की धरा : हे औषध निरोगी पानाला संरक्षण देते, पुटकुळ्या आलेले पान ते बरे करत नाही.

प्रश्न : आमच्या वस्तीवर अंगणात हॉलीहॉक आहे आणि लागूनच चार एकर गहू. हॉलीहॉकवर तांबेरा दिसल्यापासून वडील ती झाडे काढायला सांगत आहेत. तांबेरा गव्हावर जाईल का? (एक तरुण शेतकरी, निफाड तालुका)

नाही, जाणार नाही. वडिलांची काळजी मी समजू शकते, कारण निफाडच्या कृषी संशोधन केंद्रात गव्हाचे वाण पारखताना तांबेऱ्याचा प्रतिकार ही कसोटी महत्त्वाची मानली जाते आणि त्या परिसरात तांबेरा हा शब्दच गव्हाशी जोडलेला आहे. पण तांबेरा हे रोगाच्या रंगावरून पडलेले नाव आहे, त्यामागे बुरशी अनेक आहेत. गव्हाच्या पानावरचा आणि खोडावरचा तांबेरा पक्सिनिया वंशाच्याच, परंतु वेगळ्या जातींमुळे होतो, आणि या बुरशी आपापल्या यजमानांच्या बाबतीत अतिशय हट्टी असतात. हॉलीहॉकवरची बुरशी जास्वंदीच्या कुळातल्या वनस्पतींवर वाढते, गवताच्या कुळातल्या गव्हावर नाही. शिवाय गव्हाच्या खोडावरच्या तांबेऱ्याला आपले जीवनचक्र पूर्ण करायला दारुहळदीच्या वंशातली झुडपे लागतात, तसा दुसरा यजमान हॉलीहॉकच्या तांबेऱ्याला लागतच नाही, तो सगळा संसार एकाच झाडावर करतो.

वडिलांना एवढे अवश्य सांगा की लक्ष द्यायचेच असेल तर परसातल्या भेंडीकडे द्या. पांढरी माशी आणि मावा या दोघांना भेंडी आणि हॉलीहॉक सारखेच आवडतात, आणि भेंडीवरचा पिवळ्या शिरांचा विषाणू पांढऱ्या माशीमार्फतच पसरतो. हॉलीहॉकच्या उंचीवर दोन पिवळे चिकट सापळे टांगले की माशी किती आहे ते आठवडाभरात कळते.

प्रश्न : झाडे सात फुटांवर गेली आणि फुलोऱ्याच्या ऐन भरात मार्चच्या वाऱ्याने मधोमध मोडली. दर पंधरा दिवसांनी युरिया देत होतो. आधार कधी द्यावा? (एक वाचक, म्हसरूळ)

युरिया थांबवा. नत्राच्या जोरावर वाढलेला दांडा जाड दिसतो, पण आतून भुसभुशीत राहतो, आणि मावाही अशाच कोवळ्या झाडावर आधी येतो. जमीन तयार करताना दिलेले शेणखत आणि कळ्या दिसू लागल्यावर एकदा, बुंध्यापासून वीतभर दूर टाकलेली मूठभर शेणराख किंवा लाकडाची राख हॉलीहॉकला पुरेशी होते. बांबूचा आधार दांडा गुडघ्याएवढा असतानाच, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला रोवावा. उशिरा रोवला तर बांबू नेमका सोटमुळात शिरतो. बांधण्यासाठी जुन्या सुती साडीच्या बोटभर रुंद पट्ट्या घ्याव्यात आणि झाड व बांबू यांच्यामध्ये पीळ पडेल अशी सैल गाठ मारावी, म्हणजे दांडा हलू शकतो आणि घासला जात नाही. सुतळीने आवळून बांधलेले झाड गाठीच्या जागीच मोडते.

प्रश्न : गडद किरमिजी हॉलीहॉकचे बी जपून ठेवले होते. पेरल्यावर गुलाबी, फिकट पिवळी आणि एक पांढरे फूल आले. बी बदलले गेले का? शेंगांवर लाल किडेही फार होते. (एक वाचक भगिनी, पंचवटी)

बी आपलेच आहे, वडील मात्र शेजारचा असावा. हॉलीहॉकच्या फुलात आधी परागकण पिकतात आणि फुलाची कुक्षी, म्हणजे पराग झेलणारा भाग, नंतर बाहेर येते. एखादे किरमिजी फूल नीट पाहा. पहिल्या दिवशी मधला खांब परागाने पांढरट भरलेला असतो, कुक्षीचे तंतू दिसत नाहीत. एक-दोन दिवसांनी पराग मधमाश्यांनी नेलेला असतो आणि खांबाच्या टोकातून बारीक, मऊ तंतूंचा जुडगा बाहेर येतो. त्यावर पडणारा पराग साहजिकच दुसऱ्या फुलाचा, पुष्कळदा दुसऱ्या रंगाच्या झाडाचा असतो. कोणीच आले नाही तर ते तंतू मागे वळून उरल्यासुरल्या स्वतःच्या परागाला टेकतात. निसर्गाची ही व्यवस्था मला दरवर्षी नव्याने पाहाविशी वाटते.

रंग टिकवायचा असेल तर उद्या उमलणार असे वाटणाऱ्या कळीवर मलमलीची लहान पिशवी बांधा. तीन दिवसांनी पिशवी काढून त्याच झाडाच्या ताज्या फुलाचा पराग रंगाच्या कोरड्या ब्रशने त्या तंतूंवर लावा, पुन्हा पिशवी बांधा आणि देठाला रंगीत दोरा बांधून खूण करा. दुहेरी फुलांत पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असल्याने बी कमी धरते.

बी काढण्याची वेळ फळ सांगते. हिरवे आवरण वाळून कागदासारखे उघडले की आत नाण्यांची चळत वर्तुळात उभी केल्यासारखी, चपट्या बियांची गोल चकती दिसते. ती बोटाने दाबल्यावर बिया एकमेकींपासून सहज सुटल्या तर बी तयार आहे. बियांना चिकटलेला आवरणाचा भुसा पूर्ण पाखडून काढा, कारण तांबेरा पुढच्या हंगामात याच भुशाबरोबर येतो. बी सावलीत आठवडाभर वाळवून कागदी पाकिटात, रंगाचे नाव आणि वर्ष लिहून ठेवा.

लाल किडे म्हणजे कपाशीवर येणारे तांबडे ढेकूण. ते पिकत्या बियांतला रस शोषतात, म्हणून बी पोकळ निघते. सकाळी गारठ्याने ते सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्याचे पसरट भांडे खाली धरून फांदी झटकावी. चार-पाच सकाळी हे केले की औषधाची वेळ येत नाही.

प्रश्न : आजी या फुलाला गुलखैरा म्हणायच्या आणि खोकल्यावर काढा देत. अंगणातल्या फुलांचा काढा करावा का? (एक वाचक भगिनी, जुने नाशिक)

आजी घेत ते नाव बरोबर आहे. युनानी वैद्यकात गुलखैराची फुले खोकल्याच्या जोशांद्यात, म्हणजे काढ्यात, घालतात, आणि भेंडीसारखाच बुळबुळीत द्रव या झाडाच्या सर्व अंगांत असल्याने घशाला मऊपणा वाटतो हेही समजण्यासारखे आहे. परंतु काढ्याचे प्रमाण आणि कोणाला तो चालेल हे युनानी हकीम किंवा वैद्यांनाच विचारावे, विशेषतः घरात कोणाला रोजची औषधे चालू असतील तर. आणि ज्या झाडावर मोरचूद, गंधक किंवा इतर काही एकदाही फवारले असेल, त्याचे फूल, पान वा मूळ कोणत्याही कारणाने पोटात घेऊ नये. काढ्यासाठी झाड हवेच असेल तर एक कुंडी वेगळी ठेवा आणि तिच्यावर पाण्याशिवाय काहीही पडू देऊ नका.